घरातील माशांच्या टाकीसाठी आवाज न करणारी गाळणी

परसातील भाजीपाला, चार कोंबड्या, एखादी शेळी यांच्याप्रमाणेच शोभिवंत माशांचे संगोपन हाही ग्रामीण कुटुंबाचा जोडधंदा होऊ शकतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश करण्यात आल्यापासून या धंद्याची चौकशी खेड्यांतूनही होऊ लागली आहे. पैदाशीसाठी निवडलेले मासे, तसेच गिऱ्हाइकांना दाखवावयाचे मासे बहुधा घरातच, ओटीवर किंवा माजघरात, मोठ्या काचेच्या टाकीत ठेवले जातात. घरची माणसे जेथे बसतात व निजतात, तेथेच ही टाकी असते. अशा टाकीसाठी गाळणी कशी बसवावी आणि ती आवाज न करता कशी चालवावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

आवाजाचा प्रश्न किरकोळ आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. दिवसाच्या वर्दळीत गाळणीचा आवाज कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु रात्री निजानीज झाली की नळीतील गुडगुड आणि पंपाची घरघर ऐकू येऊ लागते. म्हाताऱ्या माणसांची झोप चाळवते, अभ्यासाला बसलेली मुले कंटाळतात, आणि शेवटी घरातील कोणीतरी उठून बटण बंद करते. सकाळी पाहावे तो मासे पाण्याच्या पृष्ठभागी येऊन तोंडे उघडमिट करीत असतात. काही उलटे झालेले असतात. मग कोणी पाण्याला दोष देतो, कोणी रोगाला, तर कोणी मासे विकणाऱ्या दुकानदाराला. खरा दोष रात्री बंद केलेल्या बटणाचा असतो, आणि बटण बंद करावे लागले ते गाळणीच्या आवाजामुळे. तेव्हा गाळणी शांत असणे ही चैन नसून गरज होय. जी गाळणी ऐकू येत नाही तीच चोवीस तास चालू राहते, आणि जी चोवीस तास चालते तीच मासे जगविते.

गाळणीचे खरे काम

गाळणी म्हणजे कचरा अडविणारे फडके, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अपुरी आहे. मासे कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे अमोनिया टाकतात. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनिया निर्माण होतो. हा पदार्थ डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असतानाही तो माशांना मारू शकतो.

या विषाचा बंदोबस्त सूक्ष्म जीवाणू करतात. शेतकऱ्याला ही क्रिया अपरिचित नाही. जमिनीत अमोनियम सल्फेट घातले असता जमिनीतील जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात आणि ते नायट्रेट पीक घेते. नेमकी हीच क्रिया गाळणीत घडते. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही माशांना विषारीच असते. दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते पुष्कळच कमी घातक असते. हे जीवाणू स्पंज, विटांचे तुकडे, चिनीमातीची कडी अशा खरबरीत पृष्ठभागावर वस्ती करून राहतात. त्यांना सतत प्राणवायू लागतो व तो वाहत्या पाण्यातून मिळतो. प्रवाह अनेक तास थांबला की गाळणीतील प्राणवायू संपतो, जीवाणू मरू लागतात आणि साठलेला गाळ कुजू लागतो. शिवाय टाकीत पाणवनस्पती असतील तर त्याही रात्री प्राणवायू घेतात. म्हणून शेततळ्याप्रमाणेच काचेच्या टाकीतही पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. म्हणजे ज्या वेळी गाळणीची गरज अधिक, त्याच वेळी ती बंद केली जाते.

वरची टाकी व खालची टाकी

मोठ्या टाकीला सोयीची गाळणी म्हणजे टाकीच्या खाली, घडवंचीच्या पोटात ठेवलेली दुसरी लहान टाकी होय. व्यवसायात तिला ‘संप’ म्हणतात; येथे तिला आपण खालची टाकी म्हणू. वरच्या टाकीतील पाणी आपल्या वजनाने खाली उतरते, खालच्या टाकीत गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढविले जाते. पंप, गाळ व जीवाणूंचे साहित्य हे सर्व खाली राहिल्याने वरची टाकी मोकळी राहते आणि साफसफाईच्या वेळी माशांना त्रास होत नाही.

उदाहरणासाठी वरची टाकी १२० सें. मी. लांब, ४५ सें. मी. रुंद व ४५ सें. मी. उंच धरू. खालची टाकी ९० सें. मी. लांब, ३५ सें. मी. रुंद व ४० सें. मी. उंच असावी. घडवंची ७५ सें. मी. उंच असली म्हणजे खालच्या टाकीत हात घालावयास जागा राहते. चालू स्थितीत दोन्ही टाक्यांत मिळून सुमारे ३०० लिटर पाणी असते. पाणी, काच व घडवंची यांचे एकूण वजन चारशे किलोंच्या घरात जाते. म्हणून घडवंची लोखंडी अँगलची, चारही पाय समपातळीत असलेली हवी. जमीन सारवणाची असेल तर पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे घालावेत. नाहीतर एक पाय खचून काच तडकते. काच व घडवंची यांच्यामध्ये थर्मोकोलचा पत्रा घातला असता भार सारखा विभागला जातो व कंपही कमी होतो.

खालच्या टाकीचे दोन काचेच्या आडभिंतींनी तीन कप्पे करावेत. पहिला कप्पा २५ सें. मी., मधला सुमारे ४५ सें. मी. व शेवटचा २० सें. मी. लांबीचा असावा. पहिली भिंत तळापासून ३ सें. मी. वर ठेवून तिचा वरचा काठ ३० सें. मी. उंचीवर आणावा. दुसरी भिंत तळाला चिकटवून २५ सें. मी. उंच करावी. असे केले असता पाणी पहिल्या कप्प्यात उतरते, तेथील स्पंजमधून गाळले जाऊन पहिल्या भिंतीखालून मधल्या कप्प्यात शिरते, साहित्यातून वर चढते आणि दुसऱ्या भिंतीवरून पंपाच्या कप्प्यात पडते. मधल्या कप्प्यात तळापासून थोडी उंच जाळी ठेवून तीवर साहित्य रचावे. बाजारी चिनीमातीची कडी न परवडल्यास चांगल्या भाजलेल्या विटेचे वा कौलाचे धुतलेले तुकडे, किंवा भांडी घासण्याच्या साध्या नायलॉनच्या घासण्या वापराव्यात. चुनखडी व संगमरवर मात्र घालू नये. त्यांनी पाण्याचा जडपणा वाढतो.

सांडवा व दोन नळ्या

तलावाला जसा सांडवा असतो तसाच वरच्या टाकीलाही हवा. टाकीच्या मागील कोपऱ्यात काचेच्या पट्ट्या लावून १५ सें. मी. लांब व १२ सें. मी. रुंद असा उभा कप्पा करावा आणि त्याची भिंत ४० सें. मी. उंच ठेवावी. टाकीतील पाणी या भिंतीवरून कप्प्यात सांडते. काठावर बारीक जाळी लावली म्हणजे पिले कप्प्यात वाहून जात नाहीत.

या कप्प्याच्या तळाला दोन भोके पाडून त्यांत टँक निपल बसवावेत आणि प्रत्येकाला २५ मि. मी. व्यासाची पीव्हीसीची नळी जोडावी. भोके टाकी चिकटविण्यापूर्वी काच कारागिराकडून हिऱ्याच्या कड्याने पाणी सोडीत पाडून घ्यावीत. कडक केलेल्या, म्हणजे टफन्ड, काचेला भोक पाडता येत नाही. पाडावयास गेल्यास सबंध काचेचा चुरा होतो. म्हणून तळाची काच साधी आहे याची आधीच खात्री करून घ्यावी.

एकच नळी लावली तर काय होते? पाणी व हवा एकाच नळीतून झगडत खाली जातात. तीच ती रात्रीची गुडगुड. नळी पाण्याने पूर्ण भरून वाहू लागली की हवेला जागा उरत नाही आणि आवाज बंद होतो. हे सायफनचे, म्हणजे वक्रनलिकेचे तत्त्व होय. पिंपातील डिझेल नळीने काढताना नळी एकदा भरली की धार निःशब्द चालते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. त्यासाठी पहिल्या नळीवर, खालच्या टाकीजवळ हाताला येईल अशा ठिकाणी, चाकी फिरवून उघडझाप करावयाचा गेट व्हॉल्व्ह बसवावा. ही मुख्य नळी होय. कप्प्यातील तिचे तोंड भिंतीच्या काठापासून सुमारे १८ सें. मी. खाली असावे. दुसरी नळी संकटकाळची. तिचे तोंड काठापासून ३ सें. मी. खाली असावे. या दुसऱ्या नळीवर कोणत्याही परिस्थितीत व्हॉल्व्ह बसवू नये. मुख्य नळीत गोगलगाय किंवा पान अडकले तर सर्व पाणी या नळीनेच जावयाचे असते.

दोन्ही नळ्या खालच्या टाकीच्या पहिल्या कप्प्यात उतरवाव्यात. मुख्य नळीचे टोक पाण्यात २ ते ३ सें. मी. बुडलेले असावे. ते अधिक बुडविल्यास सुरुवातीला नळीतील हवा बाहेर पडत नाही, आणि पाण्याच्या वर ठेवल्यास धबधब्यासारखा आवाज होतो.

पंप सुरू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटे गुडगुड होईल. तेवढ्याने घाबरू नये. प्रथम व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून हवा निघून जाऊ द्यावी. नंतर तो थोडा थोडा बंद करीत कप्प्यातील पाणी दुसऱ्या नळीच्या तोंडाशी आणावे. त्या तोंडातून अगदी बारीक धार जात राहिली तरी चालेल. पाणी सांडव्यावरून जेमतेम तीन बोटे खाली पडत असल्याने तेथेही आवाज होत नाही. प्रत्येक बदलानंतर दहा मिनिटे थांबून पातळी पाहावी. घाईने व्हॉल्व्ह फिरविणाऱ्याची पातळी कधीच स्थिर होत नाही.

पाणी चढविणारा पंप

दर तासाला वरच्या टाकीतील पाण्याच्या सुमारे चौपट पाणी फिरावे. आपल्या उदाहरणात वर सुमारे २२० लिटर पाणी आहे. म्हणजे तासाला ९०० लिटरच्या आसपास प्रवाह हवा. पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा पाणी मुळीच न चढविता मिळणारा असतो. येथे पाणी सुमारे ९० सें. मी. चढवावयाचे आहे. म्हणून २ मीटरपर्यंत पाणी चढवू शकणारा व खोक्यावर २,००० लिटरच्या आसपास आकडा असलेला पंप घ्यावा. प्रत्यक्ष प्रवाह मोजणे सोपे आहे. परतीची धार १० लिटरच्या बादलीत धरावी. बादली ४० सेकंदांत भरली तर प्रवाह तासाला बरोबर ९०० लिटर आहे.

स्वस्त मिळतो म्हणून कूलरचा पंप पुष्कळजण लावतात. तो उन्हाळ्यापुरत्या वापरासाठी केलेला असतो व घरघरही अधिक करतो. अहोरात्र चालणाऱ्या कामासाठी माशांच्या टाकीचाच पंप घ्यावा. तो ३० वॅटचा असल्यास महिन्याला सुमारे २२ युनिट वीज लागते. पंप काचेवर थेट न ठेवता स्पंजच्या जाड तुकड्यावर ठेवावा, आणि त्याला कडक पीव्हीसी नळीऐवजी निदान हातभर मऊ रबरी नळी जोडावी. पंपाचा थरकाप काचेपर्यंत पोचला नाही म्हणजे निम्मा आवाज तेथेच संपतो.

विजेची तार प्लगकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर न्यावी. त्यामुळे तारेवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता झोळाशीच गळून पडते. जोडणीला अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारे उपकरण अवश्य असावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे व काम होताच आठवणीने चालू करावे.

वीज गेली तर

खेड्यात वीज जाणारच असे धरूनच मांडणी करावी. वीज गेली की पंप थांबतो, परंतु पाणी लगेच थांबत नाही. सांडव्याच्या काठावरील पाणी व नळ्यांतील पाणी खाली येते. तसेच परतीची नळी उलट्या दिशेने सायफन होऊन वरचे पाणी खाली ओढू लागते. तिचे तोंड टाकीच्या तळाशी सोडले असेल तर जवळजवळ सारी टाकी खाली रिकामी होते, घरभर पाणी होते आणि मासे कोरड्यावर पडतात. यासाठी परतीच्या नळीचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली २ सें. मी.पेक्षा खोल ठेवू नये आणि पृष्ठभागाच्या लगेच खाली तिला एक बारीक भोक पाडावे. पाणी थोडे उतरताच भोकातून हवा शिरते व सायफन तुटतो.

कोणी म्हणेल की परतीच्या नळीवर एकमार्गी झडप बसविली म्हणजे काम झाले. विहिरीवरील पंपाचा फूटव्हॉल्व्ह आठवावा. त्यात काडी अडकली की तो पाणी धरीत नाही. हीच गत या झडपेची होते. म्हणून भरवसा झडपेवर न ठेवता हिशेबावर ठेवावा. वरच्या टाकीचे पाणी २ सें. मी. उतरले तर १२० × ४५ × २ म्हणजे १०,८०० घन सें. मी., सुमारे ११ लिटर पाणी खाली येते. सांडव्याच्या कप्प्यातील व नळ्यांतील पाणी ४ लिटर धरले तर एकूण १५ लिटर होतात. खालच्या टाकीत पाणी २५ सें. मी.वर असताना वरचे १५ सें. मी. रिकामे असतात, त्या जागेत ४७ लिटर पाणी मावते. म्हणजे तिप्पट जागा शिल्लक आहे.

उलट बाजूचाही हिशेब करावा. दोन्ही नळ्या तुंबल्या व पंप चालूच राहिला तर तो आपल्या कप्प्यातील पाणीच वर टाकू शकतो. तो कप्पा २० × ३५ × २५ सें. मी., म्हणजे १७.५ लिटरचा आहे. इतक्या पाण्याने वरची पातळी सव्वातीन सें. मी. चढेल, काठ ४ सें. मी. दूर आहे. म्हणून पंपाचा कप्पा लहान ठेवला आहे. आकडे कागदावर कितीही पटले तरी मासे सोडण्यापूर्वी बटण बंद करून, नंतर नळ्यांची तोंडे दाबून, दोन्ही परीक्षा प्रत्यक्ष घ्याव्यात.

वीज फार वेळ गेल्यास खाद्य देऊ नये. बॅटरीवरील हवेचा पंप लावावा. तो नसल्यास तांब्याने टाकीतील पाणी उचलून उंचावरून हळूहळू ओतीत राहावे. गाळणी दिवसभर बंद राहिली असेल तर खालच्या टाकीतील कुजके पाणी काढून टाकून, साहित्य टाकीच्या पाण्यात खळबळून मगच पंप सुरू करावा.

पहिले सहा आठवडे

नव्या गाळणीत जीवाणू नसतात. टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडणे म्हणजे मशागत न करता बी फेकणे होय. गाळणी चार ते सहा आठवडे चालू ठेवावी व त्या काळात रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे, म्हणजे त्यातील अमोनियावर जीवाणू वाढतात. निरोगी मासे असलेल्या जुन्या टाकीतील स्पंजचा तुकडा मिळाल्यास ते विरजणाप्रमाणे काम करते. तपासणीच्या संचाने पाहता अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागली की प्रथम चार-पाच गप्पी किंवा मॉली सोडाव्यात आणि पुढे हळूहळू संख्या वाढवावी.

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर घातलेली असते. तिच्यातील क्लोरीन जसा रोगजंतूंना मारतो तसाच गाळणीतील उपकारक जीवाणूंनाही मारतो व माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. असे पाणी उघड्या पिंपात हवा सोडीत २४ तास ठेवून मगच वापरावे. गाळणीचे साहित्यही नळाखाली कधी धुऊ नये.

नित्याची निगा

बाष्पीभवनाने होणारी घट फक्त पंपाच्या कप्प्यात दिसते. तेथे काचेवर खूण करून रोज पाणी भरावे. पाणी कमी झाले की पंप हवा ओढून खरखर करू लागतो. एरवी शांत असलेल्या गाळणीचा हा आवाज म्हणजे इशाराच होय. गुडगुड झाली तर मुख्य नळी तुंबली आहे असे समजावे. घरघर वाढली तर पंपाच्या पंख्यात कचरा पाहावा. खळखळ झाली तर नळीचे टोक उघडे पडले असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, म्हणजे कारण सापडते.

आठवड्यातून एकदा पहिल्या कप्प्यातील स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळावा, परतीच्या नळीचे भोक काडीने मोकळे करावे आणि पाचवा हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी वाया घालवू नये. त्यात नायट्रेट असल्याने ते परसातील भाजीला व फुलझाडांना उपयोगी पडते. नको असलेले मासे मात्र विहिरीत किंवा ओढ्यात कधीही सोडू नयेत. परक्या जातीचे मासे स्थानिक माशांना अपाय करतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी टाकी पाहावयास गेल्यावर पाणी किती स्वच्छ आहे एवढेच पाहून परतू नये. “रात्री पंप चालू असतो का?” हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्या मंडळींना, विशेषतः टाकीच्या जवळ निजणाऱ्या माणसाला, अवश्य विचारावा. उत्तर नकारार्थी आले तर औषधाची बाटली सुचविण्याआधी नळीचे टोक, व्हॉल्व्ह व पंपाखालचा स्पंज तपासावा. ज्या घरात माणसांची झोप मोडत नाही, त्या घरात माशांचाही श्वास अडत नाही.